नऊ जानेवारी, हजर

३ जुलै
पंकजाचा फोन! नर्सिंग कॉलेजात पहिली आली. यंदा पदवीच्या समारंभाला पाहुणा पुढारी नको, पहिल्या आलेल्या मुलीनं आपली शाळेतली बाई बोलवायची, असं ठरलंय म्हणे. तिनं माझं नाव दिलं. पुढच्या शनिवारी, शेवगावात. भाषणाचा विषय – शिक्षण आणि समाजसेवा.

आनंदानं हो म्हटलं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "बाई, आईला भेटायचंय तुम्हाला. ते जुनं हजेरीपत्रक हाय का हो अजून?"

'बघते' म्हणून फोन ठेवला.

४ जुलै
झोप नाही. ते हजेरीपत्रक शाळेत नाहीच. निवृत्तीच्या दिवशी पिशवीत घालून घरी आणलं, पत्र्याच्या पेटीत तळाशी आहे. पंकजा कशाला मागेल? तिच्या भावासाठीच.

५ जुलै
लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय.

दसरा झाला की निम्मी वाडी ऊसतोडीला जायची, पोरांसकट. पट घसरला तर शाळा बंद. म्हणून गेलेल्या पोरांचीही हजेरी मी लावायची. सगळेच लावायचे. पंकजा चौथीत, तिचा भाऊ बिभीषण तिसरीत. बारा वर्षांपूर्वी नऊ जानेवारीला उसाची ट्रॉली उलटली नि बिभीषण गेला. मला कळलं टोळी परतल्यावर, पाडव्याला. तोवर तो माझ्या वर्गात रोज हजर!

पंकजानं ते पान पाहिलं होतं. "बाई, ह्यो कसा हजर?" मी म्हटलं, "जा, फळा पूस."

खरी भीती वेगळीच आहे. आईबाप तोडीला गेले तरी पोरांना मागे राहता यावं म्हणून गावात वसतिगृह मिळत होतं. पण त्यासाठी पोरं तोडीला जातात हे कागदावर दिसायला हवं, म्हणजे ती गैरहजर दाखवावी लागली असती. मी दाखवली नाहीत. दाखवली असती तर तो इथेच राहिला असता, माझ्यासमोर.

८ जुलै
"बंबात टाक अन् मोकळी हो," हे म्हणाले. सकाळी टाकायला गेले. पहिल्याच पानावर माझंच वळणदार अक्षर! परत पेटीत.

११ जुलै
भाषण चार वेळा लिहिलं. 'समाजाचं देणं' या शब्दांशी पेन अडतं. उद्या भर सभेत तिनं विचारलं तर? सगळ्या गावापुढे माझी शिक्षिका म्हणून लाज जाईल. ताप आलाय सांगावं का?

१२ जुलै
गेले. हजेरीपत्रक पिशवीत – का नेलं, माहीत नाही. पहिल्या रांगेत बायडाबाई, पंकजाची आई. माझ्यावरून नजर काढेना. तरी बोलले – शिकलात ते लोकांसाठी वापरा, वगैरे. टाळ्या! मी भित्री, दुसरं काय.

खाली उतरले तर ती वाटेत उभी. "बाई, उद्या येते घरी." रात्रभर आता हेच.

१३ जुलै
बायडाबाई आली, एकटीच. मी आधीच रडत सगळं कबूल केलं. वसतिगृहाचंही. ती म्हणाली, "ते म्या न्हाई माफ करायची, बाई. पर पंकी म्हनती, तुमच्या वहीत माझा बिभीषण पाडव्यापतूर साळंत येत हुता. मला वाचता येत न्हाई. वाचा."

वाचलं. नऊ, हजर. दहा, हजर. अकरा, बारा, हजर. तेराचा रकाना रिकामा, थांबले.

"आईतवार आसंल," ती म्हणाली. "म्होरं वाचा."