फाटकावरचे बदली

सोमवार, ६ जानेवारी

पोचलो. हा शब्द आधी लिहून टाकतो. महिनाभर वाटत होतं, तो लिहायची वेळ काही यायची नाही.

निघताना मालनने हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, अहो, ऑफिसला चाललाय, काळ्या पाण्यावर नाही. गिरगावापासून परळपर्यंत बसमध्ये खिडकी मिळाली. सकाळ इतकी कोवळी होती की दुसरीच्या वर्गाने सुरात म्हणावी.

शाळेतून निवृत्त झाल्यावर या कंपनीने मला फोनवरच नेमलं. मुलांसाठी मोबाइलवरचे धडे करतात ही मंडळी. त्यातल्या मराठी कविता चालीत म्हणून पाठवायच्या, एवढंच माझं काम. साडेतीन वर्षं ते मी घरी, खिडकीजवळच्या खाटेवर बसून केलं. समोर कुणी नाही, चहा हाताशी, चुकलं तर पुन्हा म्हणायचं. आता हुकूम निघाला की सगळ्यांनी पाचही दिवस ऑफिसात यायचं. तेव्हापासून छातीत धडधड. कंपनीच्या समुपदेशक इरावतीबाई फोनवर म्हणाल्या, रोज वहीत लिहा आणि भीतीला दहापैकी गुण द्या. चाळीस वर्षं पोरांना गुण दिले, आता स्वतःला.

ऑफिस जुन्या गिरणीच्या आवारात आहे. दगडी फाटक तसंच ठेवलंय, आत सगळी काच. फाटकाबाहेर एक गृहस्थ उभे होते. लेंगा, मळका सदरा, फडक्यात बांधलेला डबा. मला म्हणाले, आज कोण येवचो नाय, मास्तरानू?

मला हसूच आलं. हा प्रश्न मी लहानपणापासून ओळखतो. माझे वडील इथल्याच गिरणीत बदली होते. कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी त्या दिवसापुरता घ्यायचे तो बदली. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं आणि कोण आला नाही ते विचारायचं. अकरा वर्षं बाबांनी ते केलं. गिरणी गेली तरी हा धोंडू (नाव त्यानेच सांगितलं) अजून त्याच काळात उभा होता. माझ्या शेजारी बसणारा चित्रकार हितेंद्र तापाने घरी आहे, हे आमच्या विभागप्रमुख श्रेयाने सकाळीच कळवलं होतं. मी ते धोंडूला सांगून टाकलं. त्याने हात जोडले.

श्रेया तिशीची मुलगी. मला न्यायला स्वतः खाली आली. माझी पाठ दुखते हे कधीतरी फोनवर बोललो होतो, ते लक्षात ठेवून तिने खुर्चीवर उशी ठेवली होती.

दुपारी बघतो तर हितेंद्रच्या खुर्चीत धोंडू. चित्र काढतोय, आणि सुरेख काढतोय. श्रेया जाता जाता त्याला म्हणाली, काय हितेंद्र, ताप उतरला का. मला वाटलं, पोरीचा चष्मा घरी राहिला.

भीती: दहापैकी चार. पहिल्या दिवसाला उत्तम.

मंगळवार, ७ जानेवारी

ऑफिसच्या मधोमध काचेची खोली आहे, त्यात उभं राहून कविता म्हणायची. बाहेर चाळीस तरुण माणसं. त्यांना ऐकू येत नाही, पण तोंड हलताना दिसतं. माझी कवळी सैल आहे हेही दिसत असणार.

तळमजल्यावर छपाईखाना आहे. मुलांच्या सरावपुस्तिकांच्या कडा कापायच्या मोठ्या यंत्राचं पातं तिथे दिवसभर पडतं. त्याचा ठोका जमिनीतून पायात येतो. मी त्यावर भुजंगप्रयात धरला: लगागा लगागा लगागा लगागा. श्वास ताळ्यावर आला. इरावतीबाईंना सांगायला हवं.

हितेंद्र आजही आजारी आणि धोंडू आजही त्याच्या जागी. सगळे त्याला हितेंद्रच म्हणतात. मी श्रेयाला हळूच विचारलं, हे कोण? ती म्हणाली, रामदास सर, मस्करी करू नका हां, रोज व्हिडिओवर बघता की त्याला. व्हिडिओवरचा हितेंद्र पंचविशीचा, दाढीवाला. मग मी धोंडूलाच विचारलं. तो म्हणाला, जो जागा देतो त्यालाच बदली दिसतो. बाकीच्यांना जागा भरलेली दिसली म्हणजे झालं.

मला काय, वाटलं, कुणाला तरी काम मिळालं.

भीती: पाच.

बुधवार, ८ जानेवारी

चौथीची कविता. हजार वेळा शिकवलेली. दुसऱ्या कडव्यावर आलो आणि पुढे काहीच नाही. काचेच्या बाहेर एकाने दुसऱ्याला कोपर मारलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडलो. सदरा पाठीला चिकटला. श्रेया आत आली, पाणी दिलं, म्हणाली, सर, घाई नाही, उद्या करू. तिच्या त्या समजूतदारपणाने जास्त लाज वाटली. ज्याने आयुष्यभर पोरांना पाठांतरासाठी बाकावर उभं केलं, तो आज स्वतः बाकावर.

सुटल्यावर फाटकात धोंडू भेटला. उद्या हितेंद्र येणार, म्हणजे याची जागा गेली. चेहरा उतरलेला. बाबा असे परत यायचे त्या दिवशी आई भाताचं पातेलं आधी त्यांच्या पुढे ठेवायची.

मी गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्याच्या हातात दिलं. म्हणालो, उद्या मी येत नाही. माझ्या जागेवर बैस.

त्याने विचारलं, सगळ्या जागेवर? मी म्हणालो, हो बाबा, सगळ्या.

भीती: नऊ होती. कार्ड दिल्यावर दोन.

शुक्रवार, १० जानेवारी

दोन दिवस घरी. खाट, खिडकी, मालनचा आल्याचा चहा. मालनला सांगितलं, घरून काम करायची परवानगी मिळाली. श्रेयाचा निरोप आला: सर, काल काय म्हटलीत कविता, सगळे उभे राहून ऐकत होते. वाचून बरं वाटलं. मग नाही वाटलं.

इरावतीबाई म्हणाल्या, टाळलं की भीती वाढते, सोमवारी जाच. बरोबर आहे त्यांचं. जाईन.

भीती: एक.

सोमवार, १३ जानेवारी

घाईत लिहितोय, अक्षर लागणार नाही.

फाटकावर आज सातआठ जण होते. सगळ्यांच्या हातात फडक्यातले डबे. एकदम विचारलं, आज कोण येवचो नाय? मी म्हणालो, सगळे येणार आहेत, आणि माझं कार्ड कुठे आहे? त्यातला एक म्हणाला, सगळे येणार तर मग एक जागा करूची लागात. ते आत गेले. इमारतीच्या दारात पहारेकऱ्याने मलाच अडवलं. म्हणे, काका, रामदास सर केव्हाच वर गेलेत, हजेरीच्या यंत्रावर नोंद आहे.

श्रेयाला फोन केला. ती म्हणाली, कोण बोलतंय? सर तर माझ्या समोर बसलेत.

छपाईखान्याच्या खिडक्या आवारात उघडतात. तिथून मी पाहिलं. हितेंद्र कसलेतरी कागद घ्यायला खाली आला होता. दाढीवाला, तोच, व्हिडिओवरचा. दोघांनी त्याला मागून धरलं. तिसऱ्याने त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पात्याखाली सरळ ठेवला, मी पोराच्या पाटीवर हात धरून अक्षर गिरवायचो तसा. धोंडू यंत्राशी होता. माझं कार्ड गळ्यात. पातं आलं. कागदाचा गठ्ठा कापताना येतो तोच आवाज, जराही वेगळा नाही. हात सरावपुस्तिकांवर पडला आणि बोटं एकदा मिटली. हितेंद्रच्या तोंडात बोळा होता, डोळे मात्र खिडकीकडे, माझ्याकडे. मग त्यांनी दुसरा हात ठेवला.

मी काचेवर मुठी मारत होतो. पहारेकरी मला ओढत फाटकाबाहेर घेऊन गेला. रुग्णवाहिका आली तेव्हा सगळे म्हणत होते, यंत्रात गेले हो बिचाऱ्याचे हात. अर्ध्या तासात हितेंद्रच्या खुर्चीत एकजण बसला. वरच्या काचेतून दिसतो.

धोंडू डबा खायला बाहेर आला. मी त्याची गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, हात आपसूक जाणा नाय, मास्तर. घालूचो लागता. तुझ्या बापाशीक विचार.

बाबा कायम झाले त्या दिवशी घरी पेढे आणले होते. कुणाचा तरी हात यंत्रात गेला म्हणून जागा निघाली, एवढंच आम्हाला माहीत. आईने पहिला पेढा देवापुढे ठेवला. मी तीन खाल्ले.

भीती: दहा.

मंगळवार, १४ जानेवारी

काल परळहून चालत निघालो. पोलिसांत गेलो, त्यांनी नाव विचारलं, सांगितलं, त्यांनी ऑफिसला फोन लावला, रामदास सर फोनवर आले. मला बाहेर काढलं.

घरी पोचलो तो संध्याकाळ झालेली. दार उघडं. खाटेवर धोंडू, माझी शाल घेऊन. मालन त्याला विचारत होती, आज दमलात का हो. मी दारातून हाक मारली. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, कोण पाहिजे काका?

बेचाळीस वर्षांचा संसार.

मी आत शिरलो. धोंडू उठला, त्याने मला एका हाताने गळ्याला धरून जिन्यापर्यंत नेलं आणि सोडून दिलं. अकरा पायऱ्या. दोन बरगड्या गेल्या असाव्यात, श्वास घेताना टोचतं. वरून त्याने मला सांगितलं, साडेतीन वर्षं तुझी कामाची जागा हीच होती. तू म्हणालास सगळी.

आज संक्रांत. समोरच्या फुटपाथवरून बघतोय. मालनने खिडकीत त्याला तिळगूळ भरवला.

लगागा लगागा ल— चालत नाही. श्वास टोचतो.

बुधवार, १५ जानेवारी

फाटकावर. दुसरीकडे कुठे जाणार.

हितेंद्र पहाटे गेला. पहारेकरी बोलत होते.

रांगेतल्या बदली लोकांना विचारलं, माझी जागा परत कशी मिळेल. म्हणाले, ती भरली. दुसरी बघ. रांगेत राहा, नंबर लागेल. कायम होईस्तोवर अशीच उभी असतात ही माणसं. आत गेलो की सगळं, म्हणाले. घर, ताट, नावाने हाक मारणारं माणूस. ज्याची जागा त्याचं सगळं.

मी म्हणालो, मी मास्तर आहे, माझ्याने हे व्हायचं नाही.

कुणी हसलं नाही. एकाने डब्यातली अर्धी भाकरी दिली. शिळी होती. खाल्ली.

गुरुवार, १६ जानेवारी

हिशेब ठेवणारा यशोधन. माल चढवायच्या लिफ्टमध्ये. अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि लिफ्ट वर नेली. मला पाय धरायला सांगितलं. नाही म्हणालो. मग धरले. बुटाची नाडी सुटलेली होती. बांधावीशी वाटली.

माझा फोन बंद पडलाय, इरावतीबाईंना पहारेकऱ्याच्या फोनवरून फोन केला. म्हणाल्या, रामदास सरांची प्रगती फार छान आहे, आपण कोण?

मालनचा आवाज आठवत नाही नीट. सकाळी आठवत होता.

उद्या नंबर माझा.

शुक्रवार, १७ जानेवारी

छपाईखाना. कागदाच्या थप्पीमागे बसलोय. माझ्यासाठी त्यांनी वाट करून दिली, वडीलमाणूस म्हणून.

श्रेया साडेनऊला एकटी येते, नमुना बघायला. तिची जागा. तिच्या घरी कोण असेल माहीत नाही. कुणीतरी जेव म्हणेल—

यंत्राला बटणं दोन आहेत, लांब लांब. एकदम दाबायची. चालवणाऱ्याचे हात पात्याखाली जाऊ नयेत म्हणून तसं केलंय. शहाणपणाचं आहे.

आली.

धरलं त्यांनी. ओरडत नाही, नुसती बघतेय. हात ठेवला. गोरा, लहान, अंगठ्यावर शाई. मला बोलावतायत. उठलो—

तिने पाहिलं मला. रामदास सर, म्हणाली. सर, तुम्ही इथे? मग वर कोण बसलंय?

पाच दिवसांत पहिल्यांदा कुणी नावाने— तिने ओळखलं. जिची जागा जातेय तिलाच दिसतो मी, ही एकटीच—

ते म्हणतात, मास्तर, आटपा. रांग मोठी आहे.

सर, म्हणतेय. सर.

वही खाली ठेवायला हवी, दोन्ही हात लाग—