काचेची पट्टी

आबा, मी राहायची ती इमारत पडली. सगळी नाही, जिन्याच्या डाव्या अंगाचा भाग बसला. म्हणजे वर माझं स्वयंपाकघर आणि त्याच्या खाली काकूंची खोली. वर्ष होत आलं. तुम्हाला हे कोण सांगणार, म्हणून वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहीत बसले आहे.

तुम्ही शेवटचे आमच्याकडे आलात तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. मी घावणे घालतेय, तुम्ही ओट्याशेजारच्या भिंतीवर तळहात ठेवून उभे आहात. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, पुढ्यातला चहा निवला तरी भेगेवरची नजर काढत नाही. मग तुम्ही जुन्या फोटोची काच मागून घेतलीत, तिची बोटभर रुंद पट्टी कापलीत आणि भेगेवर आडवी धरून दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की केलीत. "भिंत हलली तर ही पहिली तुटंल," तुम्ही म्हणालात. "काच खोटं बोलत न्हाय. तुटली की नेसत्या कापडानिशी भाईर पड. मालकाची वाट बघू नको, नवऱ्याची नको, आन् मुहूर्ताची तर न्हायच न्हाय." ते शेवटचं माझ्यासाठी होतं. कणगीतलं भात काढतानासुद्धा मी पंचांग बघते, असं तुम्ही चारचौघांत सांगायचात.

तुम्ही गेल्यावर दर वर्षी पावसाच्या आधी नगरपरिषदेचा माणूस येऊन जिन्यात कागद डकवायचा. इमारत धोकादायक, ताबडतोब रिकामी करावी. सह्या घ्यायचा आणि जायचा. खालच्या काकू मासळी विकणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. "आरं बाला, इतकी खळ हाय तं कागुद कशाला, भिंतीच चिकटव ना," म्हणायच्या. सगळे हसायचे, तोही हसायचा. मालक मुंबईला, तो ना दुरुस्ती करायचा, ना काही लिहून द्यायचा. बाहेर पडलो तर हक्क गेला, ही धास्ती सगळ्यांना. मागच्या वर्षीचा कागद पुढच्या वर्षीच्या कागदाखाली जायचा. आमचा खरा भरवसा तुमच्या काचेवर. पाऊस उघडला की काकू वर येऊन काचेवरून बोट फिरवायच्या, मग सुकट वाळत घालायला अंगणात जायच्या.

गेल्या वर्षी गणपती चार दिवसांवर आले होते. भांडी घासूनपुसून फळीवर लावताना बघितलं, तर पट्टी मधोमध तुटलेली. आबा, मला तुमचं बोलणं आठवलं. अगदी शब्दन् शब्द आठवलं. पण त्याआधी मनात आलं ते हे, की फुटकी काच घरात, आणि देव यायचा आहे. मी सुरीनं ती खरवडून काढली, तुळशीवृंदावनाचं उरलेलं पांढरं सिमेंट भेगेत भरलं, वरून चुना फिरवला. गणपती झाले की बघू. गणपती झाले, पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोण बिऱ्हाड हलवतं? पंधरा दिवसांचा तर प्रश्न. ह्यांनाही बोलले नाही.

त्यातच एकदा काकू जिन्यात भेटल्या. गुडघे दुखत होते, वर चढवत नव्हतं. "वयनी, तुज्या बापाची काच हाय ना धड?"

"आहे हो."

"मंग झालं. लेक बोलावतंय मुरुडला, पन काच हाय तवर मी कंय जात न्हाय."

दशमीला तुमची तिथी. गच्चीचा कठडा ढासळल्यापासून आम्ही पान किनाऱ्यावर ठेवतो. हे मांडव्याला कामावर गेले होते, म्हणून मीच घेऊन गेले. वडे, खीर, तुम्हाला आवडायची ती अळूची भाजी. कावळे सुरूच्या झाडावर बसलेले, एक खाली येईना. मी हात जोडून काय काय म्हटलं. धाकट्या भावाचं शिक्षण पुरं करीन म्हटलं. आईचं वर्षश्राद्ध चुकवणार नाही म्हटलं. शेवटी म्हणाले, "आबा, काच तुटलीय. आत्ता घरी जाऊन काकूंना सांगते." शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच कावळा उतरला. मी वाळूत डोकं टेकलं. परत निघाले तर आमच्या वळणावर धुरळा उठलेला, आणि माणसं त्यातून बाहेर पळत होती.

मग सगळे आले. साहेब आले, जेसीबी आला. इतकी वर्षं जिला कुणी हात लावला नाही, तिचा उरलेला भाग दोन दिवसांत पाडून पत्रे ठोकले. पंचनाम्याला विचारलं, आधी काही लक्षात आलं होतं का? मी नाही म्हटलं.

काकूंचा दहावा किनाऱ्यावरच झाला. पिंडाला कावळा शिवेना. लेकीनं नातवंडांची शपथ घेतली, आईची मासळीची पाटी टाकणार नाही म्हणाली, रडली. ऊन डोक्यावर आलं. मग माझ्याकडे वळली, "वहिनी, तुम्हीच तिच्या जवळच्या. सांगा ना, तिचं काय राहिलं असंल?"

मला ठाऊक होतं, आबा. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.