भानूनं भरलेलं हिरवं पाणी

४ मार्च २००१
आईला दवाखान्यातून घरी आणली. उजवं अंग गेलंय, बोलणंही. डॉक्टर म्हणाले, "तासभर आधी आणलं असतं तर..." तो तास मलठणच्या अलीकडं बाभळीखाली गेला. जीपच्या तापमानाचा काटा लालवर, बॉनेटमधून वाफ, मागच्या सीटवर आई. शेवटी मागून दुधाचा टेम्पो आला, त्यात घातली.
तीनच आठवडे आधी भानुदासनं जीपच्या रेडिएटरमधलं, इंजिन गार ठेवणारं कुलंट बदललं होतं. शिरूरला त्याचं गॅरेज. माझ्याच वर्गातला. "नाम्या, आता दोन वर्सं बॉनेट उघडू नगं." पुढं नुसतं भा. लिहीन. अख्खं नाव लिहायला हात वळत नाही.

७ मार्च
जीप ओढून आणून दारात लावली. रेडिएटरचा खालचा नळ सोडला. आधी हिरवं पाणी, मागनं गंजाचा गाळ. एक बाटली भरून ठेवली. बायको, सुमन, म्हणाली, "ते घरात कशाला?"
म्हटलं, भा.च्या घशात ओतायला. ती आईची लाळ पुसत बसली.

९ मार्च
एसटीनं दौंड. डिसोजा मिस्त्री, वडिलांच्या जुन्या ओळखीचे. रेल्वेत डिझेल इंजिनांवर जन्म गेला, आता रिटायर. बाटलीतलं दोन बोटांत चोळलं. मग आपल्या डब्यातला थेंब माझ्या बोटावर टाकला.
"बुळबुळीत लागतं ना? हे खरं कुलंट. तू आणलंस ते रंग टाकलेलं बोअरचं पाणी."
बोअरच्या क्षारानं आतल्या बारीक नळ्या बुजतात. पाणी फिरत नाही, इंजिन तापतं. म्हणजे ती बाभळ, तो तास, सगळं भा.चं काम.
परतताना न्हावऱ्यापर्यंत मुठी आवळून बसलो होतो. शेजारच्या बाईनं पिशवी उचलून दुसरी सीट धरली.

१३ मार्च
मिस्त्रींनी सांगितलं तसं स्वतः केलं. रेडिएटर पाच वेळा धुतला, स्वच्छ पाणी येईस्तोवर. निम्मं कुलंट, निम्मं बॅटरीत घालतात ते पाणी. हिरव्या कुलंटात लाल मिसळायचं नाही, आत साका होतो. झाकण उघडं ठेवून इंजिन चालवलं, बुडबुडे थांबले मगच लावलं. कवठे ते शिरूर काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. एका दुपारचं काम. एवढंसं काम त्याला...
गॅरेजवरून मुद्दाम गेलो. भा.नं हात केला. "काकी कशी हाय रं?" थांबलो नाही.

१९ मार्च
स्टँडवरच्या जीपवाल्यांना गोळा केलं. भा.कडं कुलंट भरलेल्या चार गाड्या निघाल्या. इंजिनं गार होऊ दिली, झाकणं काढली, आन् ज्याची गाडी त्यालाच बोट बुडवायला लावलं. शेजारी खऱ्या कुलंटचा डबा. चारही गाड्यांत पाणी. बाळू कदमनं शिव्या घातल्या. "ह्याच गाडीतनं बहिणीला बाळंतपणाला आणली की म्या!"
चांगलं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार चांगलं वाटलं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

२ एप्रिल
भा.च्या दारात आज एकही गाडी नाही. मी रोज समोरच्या टपरीवर चहाला बसतो. त्याला दिसावं म्हणून.

८ एप्रिल
भा. घरी आला. हातात कुलंटचा डबा, सील तसंच.
"नाम्या, ह्योच माल पुण्यावरनं येतो. म्या निस्ता फोडून वततो. तू न्हे, कुणालाबी दाखव."
"मला काय सांगतो? आईला सांग."
वाटलं, आत जाणार नाही. गेला. आईनं डाव्या हातानं खाटेवर थोपटलं, बस म्हणून. तो बसला आन् रडायला लागला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, काढला नाही. मी बाहेर पडलो. आईचा राग आला. तिला सगळं माहितेय, मीच सांगितलंय.

११ एप्रिल
पुन्हा दौंड. मिस्त्रींनी सील निरखलं, माझ्यादेखत फोडलं. बोटांत चोळलं.
"पाणीच आहे. नामदेव, त्यालाही कुणीतरी फसवलं."
"वीस वर्षं गॅरेज चालवतोय. त्याच्या बोटांना कळू नये? मला एका दिवसात कळलं."
"तुला कळलं नाही," ते म्हणाले. "मी सांगितलं."

१५ एप्रिल
कुणाला बोललो नाही. सुमनलाही नाही. बाळूनं विचारलं, डब्याचं काय झालं? म्हटलं, मिस्त्री गावाला गेलेत.
भा. गॅरेज बंद करून कोरेगावला कंपनीत लागतोय, परवापासून. त्याची बायको देवळापाशी सुमनला भेटली. "भावजी काय बोलले का, दौंडचं?" सुमननं मला विचारलं. मी जनावरांना पाणी दाखवायला उठलो.
डबा भरणारा कोण, कुठला, मला दिसत नाही. भा. दिसतो. त्यानं एकदा बोट लावून बघितलं असतं तर...
उद्या स्टँडवर सगळे असतील. दोन वाक्यांचं काम आहे, एक डब्याचं, एक भा.ची माफी मागायचं. मघाशी गोठ्यात म्हणून बघितली. पहिलं येतं. दुसरं