कळंब की हेदू

गोरेगाव, मंगळवार, दिवेलागण

मामा माझ्यासाठी रेणुकाला मागणी घालायला गेला. तिच्या बापानं विचारलं, "पोराचं देवक कोणतं?" मामा म्हणाला, "कळंब." तिथंच सगळं संपलं. त्यांचंही कळंबच. एका देवकाची पोरं म्हणजे भाऊबहीण! चहासुद्धा न घेता मामा परत आला.

मी तडक बांधावरच्या आमच्या कळंबाकडं गेलो. आमच्या लग्नात मांडवाला याच झाडाची फांदी बांधतात. पानं समोरासमोर, चेंडूसारखी फुलं, पण पान हृदयाच्या आकाराचं. कळंबाचं लांबट असतं. म्हणजे हे कळंब न्हाईच, हेदू आहे! पिढ्यान्‌पिढ्या आम्ही भलतंच झाड पुजतोय. फांदी मोडली आणि मामापुढं आपटली.

"दीडशहाण्या, देवकाची फांदी मोडली? आन् झाड कोणतं का असंना, नाव तर कळंबाचंच घेता ना तुम्ही?"

रेणुकाला फोन केला. ती अजून बीएस्सी करते, तिला तरी पटेल.

ती रडत होती. "हेदू काय अन् कळंब काय, कुळ एकच हाय रे. दोन्ही कॉफीच्या कुळातले. दोन देठांच्या मधलं उपपर्ण, ते इवलंसं पान, पाहिलंस का? तीच त्या कुळाची खूण. तू सरांशी भांडून कॉलेज सोडलंस, त्यानंतर शिकवलं ते."

फांदी उचलून पाहिलं. दोन देठांच्या मधे, बारीक, आहे. तिथंही आम्ही एकाच कुळातले. मग भांडू कुणाशी?

आई म्हणून राहिली, "जेव बाबा, पोरींचा का दुष्काळ हाय?" ताटावर बसवत नाही. बाहेर चाललो, दार लावून.