पोटातलं सोवळं

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावर चिडायला मला अजून वेळ मिळतो. वाकोल्याची ती एवढीशी खोली आणि त्यात तुझं सोवळं! ओल्या लुगड्यात तू स्टोव्हपुढे बसायचीस, आम्ही पोरं भिंतीला चिकटून उभी. एकदा पाणी मागायला आले नि तुझ्या पदराला हात लागला, तर केवढी ओरडलीस, "मेले, सगळा स्वयंपाक बाटवलास!" तेव्हाच ठरवलं, माझ्या घरात ही थेरं चालणार नाहीत.

आता बोरिवलीत मुलाच्या घरी काय चाललंय ते ऐक. माझ्या किडन्या गेल्या. पोटाला नळी बसवलीय. तिच्यातून साखरेचं पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, मग काढून नवी पिशवी लावायची. डॉक्टरीणबाई म्हणाली, आतड्यांभोवती पातळ पडदा असतो. साखर त्याच्यातून रक्तातलं जास्तीचं पाणी ओढते, घाणही झिरपून येते, रक्त मात्र आत राहतं. म्हटलं, "कैरीला साखर लावली की पाणी सुटतं, तसं?" तर म्हणते, "तसंच, आजी. फक्त कैरीला नंतर जगायचं नसतं." आगाऊ आहे, पण समजावते नीट.

त्या पडद्याला जंतू लागले तर तो निकामी. मग कायमच्या हॉस्पिटलात खेपा, तिथल्या मशीनला जखडून पडायचं. ते मला नकोय. म्हणून पिशवी बदलताना पंखा बंद, खिडकी बंद, तोंडाला मास्क, हात साबणाने घासघासून. परवा नेमकी त्याच वेळी नणंद आत घुसली, देवीचा अंगारा घेऊन. नळीच्या तोंडालाच लावायला निघाली! मी किंचाळले, "मागे हो! शिवू नकोस मला!" ती रडकुंडीला, "अगं वहिनी, तुझ्या चांगल्यासाठीच ना!" मागे सून तोंड दाबून हसतेय. आवाज हुबेहूब तुझा निघाला गं. माझंच डोकं फिरलं.

तेव्हापासून आतून कडी लावते. आणि तुला म्हणून सांगते, पिशवी लावून झाली तरी कडी काढत नाही. बाहेरून सून विचारते, "आई, झालं का? लसूण सोलायचाय." मी म्हणते, "चाललंय अजून," आणि पाय पसरून बसते. कोणी शिवत नाही, कोणी काही मागत नाही. तूही अशीच बसायचीस का गं? हे पत्र सुनेच्या हाती लागायच्या आत फाडून टाकते.