एरंडोलच्या भिंतीवरचा दाखला

मी, अभिमन सुकदेव पाटील, वय ६८, धंदा वकिली, राहणार धुळे, हा लेख पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचे दडपण नाही. संताप आहे, पण डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून खाली सही केली आहे.

१. धुळ्याचे स्वकष्टार्जित घर पत्नी प्रमिलाबाई हिला. तिच्या हयातीत वाटणीचा कोणी ब्र काढू नये.

२. त्याच घरातील रस्त्याकडची माझी कचेरीची खोली धुरपदाबाई यांना. बाई मूळच्या साक्रीच्या, सुईणकामाची परीक्षा पास. त्यांनी इथे स्वतःचे प्रसूतिगृह काढावे. नातेवाईक विचारतील, ही कोण? म्हणून लिहितो.

१९५१ साली मोतीलाल शेठने एरंडोलचे प्रसूतिगृह म्हाताऱ्या डॉक्टरांकडून विकत घेतले. बाई तिथे आधीपासून सुईण होत्या, त्यांचा परीक्षेचा दाखला काचेत भिंतीवर टांगलेला होता. खरेदीखत मी केले. नव्या कायद्याखालची नोंदणीही मीच मिळवून दिली, ती बाईंच्या दाखल्यावर. पास झालेली सुईण जागेवर हवी, असे कायदा म्हणतो. नोंदणी हाती येताच महिनाभरात शेठने बाईंना काढले आणि दाखला तसाच काचेत भिंतीवर ठेवला! तपासनीस येतो, दाखला बघतो, चहा पिऊन जातो.

बाई दाखला मागायला गेल्या, तर शेठने माझेच खत पुढे केले: 'भिंतीवरील सर्व तसबिरींसह.' माझी अशील मंडळी घर विकताना देवाच्या तसबिरी जागेवरच सोडत, म्हणून ते शब्द माझ्या खर्ड्यात कायमचे. दवाखान्याच्या खतातही मी ते डोळे मिटून उतरवले. अरे, पण माणसाने परीक्षा देऊन मिळवलेला दाखला म्हणजे तसबीर आहे काय?

मी म्हटले, हरवला म्हणून प्रतिज्ञापत्र करू, नवा मिळेल. कागद तयार केला. बाईंनी सही केली नाही. म्हणाल्या, "हरायेल नही शे नाना, भीतवर टांगेल शे. मी खोटं कसं लिखी देऊ?" चाळीस वर्षे वकिली केलेल्या मला त्या दिवशी लाज वाटली. आणि तरीही मी गप्प बसलो, कारण शेठ माझा अशील.

गेल्या दिवाळीत तिथे एक बाळंतीण कंपाउंडरच्या हाती सोपवली. मूल दगावले.

३. कायद्याची पुस्तके मुलगा भटू यास. तोही वकील. "नाना, अशिलाचं गुपित आहे, जाऊ द्या," असे मला सांगतो. कसले गुपित? काचेत लावून भिंतीवर टांगले आहे! खर्ड्यांची वहीही त्यालाच. तसबिरींची ओळ मी लाल शाईने खोडली आहे. ती त्याने पुन्हा लिहू नये.

४. काळा कोट कोणालाही द्यावा. मोतीलाल शेठने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये.

५. हा लेख माझ्या मरणापर्यंत पेटीत ठेवायचा नाही. सहा वर्षे पुष्कळ झाली. नोंदणी रद्द करावी आणि दाखला बाईंना परत द्यावा, या अर्जासोबत याची नक्कल आजच रजिस्टर टपालाने त्या तपासनिसाच्या वरिष्ठांकडे जात आहे.

अर्जात दाखल्याच्या नंबराची जागा कोरी राहिली होती. समोर बसलेल्या बाईंना विचारले. सहा वर्षांत दाखला हाती नाही, तरी न अडखळता म्हणाल्या, "चारशे सतरा." तो मी माझ्या हाताने भरला.

मुक्काम धुळे, जिल्हा पश्चिम खानदेश
सोमवार, ९ डिसेंबर १९५७
सही: अभिमन सुकदेव पाटील

आमच्यासमक्ष सही केली:
१. डॉ. यशोदाबाई चौधरी. तपासले, शुद्धीवर आहेत.
२. पुना झिपरू महाजन, निवृत्त पोस्टमास्तर. टपाल मी स्वतः टाकतो.