आतलं चित्र आणि वरचं नाव

प्रिय धाकटे,

'प्रिय' हे लाडाने लिहिलेलं नाही, सवयीने लिहिलं गेलंय. खरं सांगायचं तर तुझा इतका राग आलाय, की समोर असतीस तर आधी वाट्टेल ते बोलले असते आणि मग विचार केला असता. फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू मुसमुसायला लागतेस आणि मी पाघळते, हे तुला पक्कं ठाऊक आहे. उजवं मनगट अजून पट्ट्यात आहे, म्हणून डाव्या हाताने एकेक अक्षर शोधून टाइप करतेय. त्यामुळे रागही सावकाश बाहेर पडतोय, पण कमी झालाय असं समजू नकोस.

परवा प्रकाशकाकडून खोका आला. तू मला सांगितलं होतंस, की माझ्या आजारपणामुळे बेकरीवालीचं चित्रपुस्तक त्यांनी पुढच्या वर्षावर ढकललंय. मी निर्धास्त झाले होते. तर खोक्यात तेच पुस्तक, छापून, बांधून, तयार. कव्हरवर माझं एकटीचं नाव. मी काढलेली सुरुवातीची चार कच्ची पानं सोडली तर आत माझं काय होतं ग? पहिलं पान उलटलं तेव्हा वाटलं, औषधांनी माझं डोकं फिरलंय आणि हे मीच कधीतरी काढून विसरलेय. तीच माझी रेघ, तेच मातकट रंग, माझं ते गुबगुबीत मांजरसुद्धा हुबेहूब. मग बेकरीवाली कणीक तिंबते ते पान आलं आणि हे तुझं काम आहे, हे मला कळलं.

मला चित्रात माणसांचे हात काढता येत नाहीत, हे जगात आपल्या दोघींनाच माहीत आहे. माझी माणसं कायम खिशात हात घालून उभी असतात, नाहीतर पाठीमागे बांधून, नाहीतर पोत्याआड. समीक्षकांना त्यात माझी शैली दिसली, आणि आपण दोघी त्यावर पोट धरून हसलो होतो. तू माझं सगळं उचललंस, पण हात आले आणि तुला राहवलं नाही. कणकेत रुतलेली बोटं, भट्टीचं दार उघडताना आखडलेला तळवा, नखांत अडकलेलं पीठ. पानोपानी हात, आणि एकाहून एक सुंदर. नक्कल करायची होती तर ती तरी धड करायचीस.

आता लोक फोन करून माझं कौतुक करतायत. या वेळी चित्रं मोकळी झालीत म्हणे. आईने तर कहर केला. आजारपण माझ्या हाताला मानवलं, असं ती शेजारणीला सांगत होती, आणि मी पलंगावर पडून ते ऐकत होते. माझ्या कामाला इतकी वर्षं कुणी 'मोकळं' म्हटलं नव्हतं. हो, जळले मी. तुझ्यावर जळले, आणि ते तुला कळायलाच हवं.

पण माझा राग तेवढ्याचा नाही. आपण दोघींनी नोकरीचा नाद सोडला, तेव्हापासून मी कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही. एक काम नाकारलं की दुसरं येणारच नाही, ही धास्ती मानेवर बसलेली. ताप असो, घरात पाहुणे असोत, मी टेबलाला चिकटलेली. मनगट दुखायला लागलं तेव्हा त्यावर फडकं गुंडाळलं आणि काम चालू ठेवलं. तू मात्र पाच वाजले की ब्रश धुवायचीस, पोहायला जायचीस, आणि बुधवारी कुणाचंही काम घ्यायची नाहीस. बुधवार तुझ्या स्वतःच्या पुस्तकाचा. मी तुला चारचौघांत 'सरकारी चित्रकार' म्हणून चिडवायचे. तू हसायचीस आणि पाचला उठायचीसच. मनातल्या मनात मला त्याचा केवढा आधार होता, हे मला आत्ता कळतंय. आपल्यातल्या एकीला तरी ही कला करून माणसासारखं जगता येतंय, असं वाटायचं.

आणि तेच तू माझ्यासाठी मोडलंस. काल आईकडून किल्ली घेऊन मी तुझ्या खोलीवर गेले. तू प्रेसमध्ये गेली होतीस. त्या एका जिन्यावरून दिवसभर चढणाऱ्या-उतरणाऱ्या माणसांचं तुझं पुस्तक भिंतीवर तसंच लटकलंय. कागदांचे कोपरे वळलेत. पोस्टमनला अजून तोंड नाही, दुसऱ्या मजल्यावरची म्हातारी नुसती पेन्सिलीत. पोहायची पिशवी कपाटाच्या वर, तिच्यावर धूळ. मी या पुस्तकाचं विचारलं की 'चाललंय' म्हणायचीस. काय चाललं होतं, कपाळ? तुझे सगळे बुधवार माझ्या बेकरीत गेले. कुणी सांगितलं होतं तुला? माझं नाव टिकावं म्हणून तू स्वतःला पुसून टाकलंस, आणि वर हे सगळं मला कळणारही नाही असं धरून चाललीस. याला माया म्हणत असशील तर असली माया मला नको.

आता हे सगळं आजच का लिहितेय ते सांगते. सकाळी संपादकबाईंचा फोन आला. पुस्तक आवडलंय, याच हाताची आणखी दोन पुस्तकं हवीत, म्हणाल्या. डॉक्टरांनी मला गेल्याच आठवड्यात सांगितलंय, की मनगट घरकामापुरतं सुधारेल, बारीक रेघ परत येईल याची आशा धरू नका. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आणि बाई बोलत असताना माझ्या तोंडात 'हो' आलं होतं. अगदी ओठांपर्यंत. तू नाही म्हणणार नाहीस, मुकाट्याने काढशील, आणि मी आयुष्यभर तुझ्या हातांवर चित्रकार म्हणून मिरवेन, हे सगळं मला त्या क्षणात स्पष्ट दिसलं आणि आवडलंही. तेव्हा मला माझी भीती वाटली. मी बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या भडकल्या, दोघींना फैलावर घेईन म्हणाल्या, आणि तो त्यांचा हक्कच आहे. पुढच्या छपाईत चित्रांखाली तुझं नाव जाईल, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. आता त्या तुला फोन करतील. त्यांना हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण जे म्हणशील ते स्वतःच्या नावाने म्हण. आणि बुधवारी फोन आला तर उचलू नकोस.

तुझीच, अजून न निवळलेली,
ताई